आधी दुकान, मग सॉफ्टवेअर

अमेरिकेतल्या संगणक-उद्योगाच्या यशोगाथा आपल्याकडे एका ठरावीक साच्यात सांगितल्या जातात. नामांकित विद्यापीठ, तिथली दोन-तीन तल्लख पोरं, रात्र-रात्र जागून लिहिलेला प्रोग्राम, मग एखादी बडी कंपनी दार ठोठावते आणि सगळे कोट्यधीश होतात. या गोष्टीत दुकानदार कुठेच नसतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला आणि ज्याने दरमहा खिशातून पैसे मोजले, त्याचा साधा उल्लेखही होत नाही. १९९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात सुरू झालेल्या ‘व्हायावेब’ या कंपनीची कहाणीही बहुधा अशीच सांगितली जाते. पॉल ग्रॅहम, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल हे तिघे तिचे कर्ते. ग्रॅहमला हार्वर्डची डॉक्टरेट मिळून काही वर्षं झाली होती; मॉरिस आणि ब्लॅकवेल तेव्हाही तिथे संशोधक विद्यार्थी होते. व्यापाऱ्यांना इंटरनेटवर दुकान थाटता यावं म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि तीन वर्षांत ‘याहू’ने कंपनी विकत घेतली. पण तपशिलात शिरलं की वेगळंच चित्र दिसतं. त्या काळात तंत्रज्ञान जवळजवळ फुकट होतं आणि ज्याला हवं त्याला उपलब्ध होतं. दुकान आणि पडदा यांच्यामधलं काम अंगावर घेणारी माणसं मात्र मिळत नव्हती. या मंडळींनी ते काम आधी हाताने केलं आणि त्यातून जे कळलं ते मग सॉफ्टवेअरमध्ये घातलं. त्यांच्या यशाचं मर्म या क्रमात आहे, असं मला वाटतं.

तंत्रज्ञान फुकट होतं म्हणजे काय, हे आधी पाहू. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन-संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची उभारणी केली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते कोणतंही शुल्क न आकारता सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन या विद्यार्थ्याने एरिक बिना यांच्यासोबत लिहिलेला ‘मोझेइक’ हा ब्राउझर बाहेर पडला, आणि मजकुरासोबत चित्रंही पानावर दिसू लागली. एमआयटीतला विद्यार्थी मॅथ्यू ग्रे याने वेबवर भटकत वेबसाइट मोजणारा एक प्रोग्राम लिहिला होता. जून १९९३ मध्ये त्याला १३० साइट सापडल्या. दोन वर्षांनी हा आकडा २३,५०० वर गेला. एप्रिल १९९५ मध्ये सरकारी पैशावर चालणारा ‘एनएसएफनेट’ हा इंटरनेटचा कणा निवृत्त झाला आणि व्यापारी वापरावरची उरलीसुरली बंधनंही गेली. विक्री होऊ शकते हे त्याआधीच सिद्ध झालं होतं. ऑगस्ट १९९४ मध्ये ‘नेटमार्केट’ या चिमुकल्या कंपनीने क्रेडिट कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठवून घेऊन स्टिंग या गायकाची एक सीडी विकली होती. कंपनी उभारणारा डॅन कोन तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं. घरबसल्या वस्तू मागवणं अमेरिकेला नवं नव्हतं. सीअर्स या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग शंभरेक वर्षं घरोघरी जात होता; तो बंद झाला १९९३ मध्ये, म्हणजे वेब खुलं झालं त्याच वर्षी. फोनवर ऑर्डर घेणं, कार्डाचा क्रमांक टिपणं, माल बांधून पाठवणं, न पटलेला माल परत घेणं या गोष्टी टपालावर धंदा करणाऱ्या हजारो लहान-मोठ्या व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. अडचण निराळीच होती. वेबवर दुकान काढायचं तर सर्व्हर हवा, तो सांभाळणारा माणूस हवा. प्रत्येक पान एचटीएमएलमध्ये लिहायला हवं, प्रत्येक छायाचित्र स्कॅन करून योग्य आकारात आणायला हवं. शर्टाची किंमत दोन डॉलरने उतरवायची म्हटली तरी प्रोग्रामरला फोन करून त्याच्या सवडीची वाट पाहायची. सणासुदीच्या तोंडावर ज्याला रोज भाव बदलावे लागतात, त्याच्या दृष्टीने अशी वेबसाइट हा पांढरा हत्तीच. व्यापाऱ्याला व्यापार येत होता आणि प्रोग्रामरला प्रोग्रामिंग येत होतं. पण एकाचं काम दुसऱ्याला कळत नव्हतं, आणि कळून घेण्याची कुणाला गरजही वाटत नव्हती.

ग्रॅहम आणि मॉरिस यांनाही सुरुवातीला ती वाटली नव्हती. त्यांचा पहिला उद्योग ‘आर्टिक्स’ नावाचा. चित्रांच्या गॅलऱ्यांना वेबवर आणायचं, असा बेत होता. ग्रॅहमने चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं. गॅलरीची साइट आपोआप तयार करणारा प्रोग्राम लिहून झाला, तो चालतही होता. पण गॅलऱ्यांना तो नको होता. फुकट करून देतो म्हटलं तरी फारसं कुणी तयार होईना. महागडी चित्रं विकणाऱ्याचा धंदा ओळखीवर, भेटीगाठींवर आणि काहीशा गूढतेवर चालतो. किंमत उघड्यावर मांडणं हेच मुळी त्या व्यवसायाच्या रीतीत बसत नाही. तेव्हा इथे तंत्रात काही उणं नव्हतं, धंद्याची जाण कमी पडली होती. त्यांच्या पुढच्या यशापेक्षाही हे अपयश माझ्या मुद्द्याला जास्त बळ देतं. तीच माणसं, तीच बुद्धी, जवळपास तोच प्रोग्राम. गॅलरीच्या जागी कॅटलॉगवर माल विकणारा व्यापारी आला, पानाला ऑर्डर घेण्याची सोय जोडली गेली आणि त्याच कामाला गिऱ्हाईक मिळालं. फरक पडला तो फक्त समोरच्या माणसाच्या गरजेने.

या व्यापाऱ्यासाठी त्यांनी जी रचना शोधली ती आज इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यात काही विशेष होतं हे पटवून द्यावं लागतं. तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे दुकानातून खोक्यात घालून आणायची आणि आपल्या मशीनवर बसवायची वस्तू. ती बिघडली तर नवी आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. व्हायावेबच्या व्यापाऱ्याला काहीच बसवावं लागत नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालायचं. व्यापारी आपल्या ब्राउझरमधून तिथे जायचा, दुव्यांवर क्लिक करत वस्तूचं नाव, वर्णन, किंमत, छायाचित्र भरायचा आणि त्याचं दुकान तयार व्हायचं. भाव बदलायचा झाला तर त्याने स्वतःच बदलायचा, प्रोग्रामरला मध्ये आणायचं कारण नाही. याचा दुसरा फायदा असा, की दोष सापडला तर तो सर्व्हरवर एकदा दुरुस्त केला की सगळ्यांसाठी दुरुस्त. व्यापाऱ्याचा फोन यायचा, तक्रार ऐकून घेणारा माणूस आणि प्रोग्रामर एकाच जागी बसलेले असायचे, आणि पुष्कळदा सुधारलेला प्रोग्राम त्याच दिवशी चालू व्हायचा. शिवाय कोणीही येऊन नमुन्याचं दुकान बांधून पाहावं अशी सोय साइटवर ठेवलेली होती, आणि लोक नेमके कुठे अडतात हे त्यांच्या क्लिकांच्या मागावरून दिसायचं. शिकण्याचा इतका स्वस्त आणि इतका जलद मार्ग तोवर फार थोड्या सॉफ्टवेअर कंपन्यांना मिळाला असेल.

पण नुसतं क्लिक पाहून सगळं कळत नाही. सुरुवातीच्या व्यापाऱ्यांची दुकानं या मंडळींनी पुष्कळदा स्वतःच मांडून दिली. ग्रॅहमने नंतर लिहून ठेवलेला एक तपशील बोलका आहे. त्या काळी साध्या फोनच्या तारेवरून सेकंदाला १४,४०० बिट वाहून नेणारा मोडेम घरोघरी होता. म्हणजे तीस किलोबाइटचं एक चित्र उतरायला सोळा-सतरा सेकंद. म्हणून पानावरची सगळी चित्रं अगदी लहान ठेवावी लागत. एवढ्याशा चौकटीत पुरुषाचा अख्खा शर्ट दाखवला तर सगळे शर्ट सारखेच दिसतात, नुसता एक रंगीत ठिपका. त्याऐवजी कॉलरचा भाग जवळून दाखवला तर कापडाची वीण, बटण, शिलाई नजरेत भरते आणि माल काय प्रतीचा आहे ते कळतं. हे उमगलं तेव्हा ग्रॅहमला तीसेक शर्टांची चित्रं पुन्हा स्कॅन करत बसावं लागलं. संगणकशास्त्राच्या डॉक्टरेटला शोभेल असं हे काम नाही. कापडाच्या दुकानातला कोणताही जुना सेल्समन हे न शिकवता करतो. गिऱ्हाईकापुढे थान उलगडताना काठ आधी दाखवावा हे त्याला ठाऊक असतं. पण हे शहाणपण वेबच्या पानावर आणायला मधे कुणीतरी असा माणूस हवा होता, ज्याला प्रोग्रामही बदलता येतो आणि शर्ट पुन्हा स्कॅन करण्यात कमीपणाही वाटत नाही.

जानेवारी १९९६ मध्ये व्हायावेबची सेवा अधिकृतपणे सुरू झाली. लहान दुकानाला महिन्याला १०० डॉलर आणि मोठ्याला ३०० डॉलर असा दर होता. १९९६ संपताना साधारण ७० दुकानं होती, १९९७ अखेर सुमारे ५००. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. मात्र यातलं प्रत्येक दुकान दरमहा पैसे भरत होतं आणि विक्री होत नसेल तर कोणत्याही महिन्यात सोडून जाऊ शकत होतं. हाताने वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपन्या त्या वेळी अमेरिकेत गल्लोगल्ली निघाल्या होत्या. त्या प्रत्येक कामाचे मोठे पैसे घेत, पण शंभरावं काम पहिल्या कामाइतकंच कष्टाचं राही. व्हायावेबने हातकामातून जे कळलं ते सॉफ्टवेअरमध्ये ओतलं. त्यामुळे पहिल्या शर्टवाल्याच्या दुकानात लागलेली ठेच पाचशेव्या दुकानदाराला लागत नव्हती. नुसतं हातकाम केलं असतं तर ती एक बरी एजन्सी झाली असती, आणि नुसतं सॉफ्टवेअर लिहिलं असतं तर दुसरी आर्टिक्स.

हा योगायोग नव्हता, हे दाखवायला त्याच केंब्रिजमधली आणखी एक कंपनी साक्षीला घेता येते. वेबसाइट मोजणारा मॅथ्यू ग्रे आणि त्याचे एमआयटीतले सोबती यांनी १९९४ मध्ये ‘नेट जेनेसिस’ काढली. कंपन्यांना वेब वापरायला मदत करणं हाच त्यांचाही उद्योग. दुकान उघडल्यावर व्यापाऱ्याचा पुढचा प्रश्न असतो: कोण आलं, काय पाहिलं, का परत गेलं? वेब सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ नोंदवहीत लिहून ठेवतो. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली, एवढंच तिच्यात असतं. पानावर नऊ चित्रं असतील तर एका माणसाच्या एका भेटीच्या दहा ओळी होतात. पण त्या काळी या ओळीच मोजून ‘आमच्या साइटला लाखभर हिट मिळाले’ म्हणून कंपन्या पाठ थोपटून घेत. नेट जेनेसिसने या नोंदींतून माणसं, त्यांच्या वाटा आणि त्यांचे थांबे शोधणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. २००० मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली, आणि बाजार कोसळल्यावर २००१ मध्ये संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एसपीएसएसने ती घेतली. तिच्याही वाढीची सुरुवात व्यावसायिकाला पडलेल्या एका रास्त प्रश्नापासूनच झालेली दिसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: हा सगळा इंटरनेट कंपन्यांच्या शेअरच्या भावांत तेव्हा आलेल्या फुगवट्याचा खेळ होता. जून १९९८ मध्ये याहूने व्हायावेब घेतली ती सुमारे ४.९ कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर देऊन, आणि त्या शेअरची किंमत कशाने फुगली होती हे पुढे जगाने पाहिलंच. शिवाय तोवर कंपनी जेमतेम जमाखर्चाच्या बरोबरीला आली होती. गुंतवणूकदारांच्या आग्रहाने आणि त्या काळच्या वाऱ्यामुळे गरजेपेक्षा जास्त माणसं घेतल्याचं ग्रॅहमनेच कबूल केलं आहे. आक्षेपातलं तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. विक्रीची किंमत फुगवट्याची होती. पण किंमत आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच काळात कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ‘द ग्लोब डॉट कॉम’ शेअर बाजारात आली. १३ नोव्हेंबर १९९८ रोजी ९ डॉलरला विकायला काढलेला तिचा शेअर दिवसअखेर ६३.५० डॉलरवर बंद झाला, आणि पुढच्या तीन वर्षांत एक डॉलरच्याही खाली गेला. तिचा भरवसा लोकांच्या गर्दीवर आणि त्या गर्दीला दाखवायच्या जाहिरातींवर होता. फुगवटा फुटल्यावर जाहिराती आटल्या आणि तिचा आधारच गेला. व्हायावेबचं ‘याहू स्टोअर’ झालं आणि ते मात्र चालत राहिलं, कारण दुकानदाराला ऑर्डरी येत होत्या. फुगवट्याने दोन्ही कंपन्यांचे भाव वाढवले. तग धरला तो दुकानदाराच्या कामाला आलेल्या गोष्टीने.

दुसरा आक्षेप बुद्धिमत्तेचा. मॉरिस म्हणजे १९८८ साली ज्याच्या एका प्रोग्रामने इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला आणि ज्याला त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवलं, तोच हा मॉरिस. ग्रॅहम लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेचा जाणकार. ती भाषा वापरल्यामुळे आपण स्पर्धकांच्या पुढे राहिलो असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. तेव्हा हे असामान्य माणसांचं यश आहे, त्यातून सामान्य धडा कसला काढायचा? याला उत्तर पुढच्या घटनांनीच दिलं आहे. २००३ मध्ये याहूने दुकान बांधण्याच्या त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. ती सी प्लस प्लस आणि पर्ल या चारचौघांच्या भाषांत लिहिलेली होती. भाषा गेली, दुकानं राहिली. लिस्पमुळे बदल झटपट करता आले हे खरं, पण कोणते बदल करायचे हे लिस्प सांगत नव्हतं. ते फोनवरचा व्यापारी सांगत होता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ही मुलं हार्वर्ड-एमआयटीची होती. विद्यापीठाचं वेगवान इंटरनेट, विद्यावेतन, ओळखीपाळखी हे सगळं त्यांच्या पाठीशी होतं. व्हायावेबला पहिले १०,००० डॉलर दिले ते ग्रॅहमच्या परिचयातल्या ज्युलियन वेबर या वकिलाने, कंपनीच्या दहा टक्के हिश्श्याच्या बदल्यात. कागदपत्रं करण्यात आणि धंद्याच्या सल्ल्यातही त्याची मदत झाली. अशी माणसं ओळखीत असणं हीसुद्धा एक मालमत्ताच. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ही रक्कम मुळात फार लहान होती. ती पुरली, कारण विद्यार्थ्यांचा खर्च थोडा आणि वेळ स्वस्त. तासाला शंभर डॉलर घेणाऱ्या सल्लागाराला शर्ट पुन्हा स्कॅन करणं परवडत नाही, विद्यार्थ्याला परवडतं. ग्रॅहमने हा धडा पुढे जाणीवपूर्वक वापरला. २००५ मध्ये जेसिका लिव्हिंग्स्टन, मॉरिस आणि ब्लॅकवेल यांच्यासह त्याने नवउद्योगांत पैसे गुंतवणारी ‘वाय कॉम्बिनेटर’ ही संस्था काढली, ती थोडे पैसे आणि भरपूर सल्ला याच तत्त्वावर, आणि पहिली तुकडी निवडली ती प्रामुख्याने विद्यार्थ्यांतून. विद्यापीठाच्या नावाने दारं लवकर उघडतात, यात वाद नाही. पण दार उघडल्यावर आत जाऊन करायचं काम होतं दुकानदाराच्या शेजारी बसण्याचं, आणि त्याला हार्वर्डचा शिक्का लागत नाही.

चौथा आक्षेप दुकानदाराच्या बाजूने येतो: या सोयीपायी तो दुसऱ्याच्या जागेतला भाडेकरू झाला. त्याचं दुकान याहूच्या सर्व्हरवर, पानांचे साचे त्यांच्या खास भाषेत, आणि बाहेर पडायचं तर सगळं नव्याने मांडायचं. आज मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्यांना ज्या रीतीने मुठीत घेतलं आहे, त्याचं मूळ इथेच आहे का? अंशतः आहे. तरी एक फरक विसरता कामा नये. व्हायावेबवरचं दुकान दुकानदाराच्या नावाचं होतं, गिऱ्हाईक त्याचं होतं, भाव त्याने ठरवायचा होता. भाडं भरलं की मालक आड येत नव्हता. आजच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक बाजारपेठेचं असतं आणि विक्रेता कोणाच्या खालोखाल दिसेल हेही तीच ठरवते. भाडेकरू असणं आणि फडावर बसायला परवानगी मागणं यांत पुष्कळ अंतर आहे. पण तंत्रज्ञान आपल्या दाराशी आणून देणारा उद्या आपल्या दाराची किल्ली मागू शकतो, हे व्यापाऱ्याने पहिल्या करारापासून ध्यानात ठेवायला हवं.

आता आपल्याकडचं पाहू. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ उभं केलं. ते विद्यार्थी नव्हते. मुंबईच्या आयआयटीतून आणि अमेरिकेतून शिकून आले होते. मात्र बातम्या, क्रिकेट, पाककृती असं भारतीयांना हवं ते पोर्टलवर देतानाच त्यांनी भारतीय कंपन्यांना वेबसाइट बनवून देण्याचं कामही केलं. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना इंडियावर्ल्ड घेतल्यावर सगळी चर्चा त्या रकमेची झाली. कंपन्यांसाठी केलेल्या त्या कामाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत तसंच चाललं आहे. तंत्र पुन्हा स्वस्त आहे, हाताशी आहे, आणि व्यापाऱ्याला पुन्हा कळत नाही की याचं नेमकं करायचं काय. आपली अभियांत्रिकी महाविद्यालयं विद्यार्थ्यांना नवउद्योगाच्या स्पर्धेत कल्पना मांडायला सांगतात आणि पाच मिनिटांच्या सादरीकरणावर बक्षीस देतात. त्याऐवजी इच्छुक विद्यार्थ्याने आधी एखाद्या घाऊक दुकानात, छापखान्यात किंवा बियाण्यांच्या विक्रेत्याकडे काही आठवडे ऑर्डरी लिहून घ्याव्यात, परत आलेल्या मालाच्या तक्रारी ऐकाव्यात आणि मगच प्रोग्राम लिहायला बसावं, अशी अट घातली तर कल्पना संख्येने कमी येतील. पण ज्या येतील त्यांना पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक असेल, आणि गिऱ्हाईक दरमहा पैसे भरतं की नाही, यापेक्षा कडक परीक्षा कोणताही परीक्षक घेऊ शकत नाही.